बदकांच्या डोणीतला उंदीर

(साल पहिल्या महायुद्धाचं. दहिवलीतल्या एका घराचं परसू. पौषातली सकाळ, उन्हं अजून केळीवर आलेली नाहीत. खुराड्यातली बदकं बाहेर यायला कलकलाट करताहेत. घरच्या पद्मजाबाई आणि वाडीवरून कामाला येणारी चिमा, दोघी मात्र हळू बोलताहेत.)

पद्मजा : ओरडू नकोस, चिमा. आत उमा निजलीय.

चिमा : वरडले नाय, बाई. तोंडातनं निघालं. तुमी हिकडं येऊ नका. तितंच उभ्या ऱ्हावा.

पद्मजा : काय आहे डोणीत? साप?

चिमा : साप आसता तर बरं झालं आसतं. उंदीर हाय. मेलाय.

पद्मजा : चिचुंद्री असेल. नीट बघ.

चिमा : चिचुंद्री नाय. घरातला काळा उंदीर हाय. बदकांच्या कोंड्यात तोंड खुपसून पडलाय.

पद्मजा : तू हात नाही ना लावलास?

चिमा : लागला न्हवं! डोणी खुराड्यातनं वढली, धुवाया हात घातला, तर कोंड्याखाली मऊ लागलं. मला वाटलं भिजल्याली चिंधी हाय.

पद्मजा : देवा रे. राखेने धू आधी, मग कढत पाण्याने. उमाच्या अंघोळीचं तापलंय, तेच घे. घे म्हणते ना! चांगली कोपरापर्यंत चोळ.

चिमा : चोळते. पर बाई, ह्यो मेला कशानं?

पद्मजा : कशानं म्हणजे? बदकांनी मारला.

चिमा : बदक उंदीर मारतं?

पद्मजा : मारत असणार.

चिमा : तुमी बघितलंय?

पद्मजा : मी कुठे बघणार? जन्मात बदक बघितलं ते तळ्यात, लांबून. स्टेशनवरच्या गार्डसाहेबाची बदली झाली, त्याच्या मडमेने जाताना ही चारी आमच्या गळ्यात मारली आणि आमच्या ह्यांनी हौसेने आणली. मडम बिचारी हिंदुस्थानीत सांगत होती आणि मी मान डोलवत होते. अर्धं कळलं, अर्धं तिच्याबरोबर आगगाडीत बसून गेलं. पहिल्या दिवशी कोरडा कोंडा घातला तर नर गुदमरून डोळे फिरवायला लागला, आठवतं ना? ताटलीत पाणी दिलं तर चोच बुडेना, सगळ्यांचे डोळे चिकटले. मग घंगाळ मांडलं. असं ठेचा खात शिकतेय मी. उंदराचं काय ते तिने सांगितलंही असेल.

चिमा : रातचं खानं खुराड्यातनं बाहेर काढून ठेवा, आसं बोलली व्हती. तुमीच सांगितलंवतं मला.

पद्मजा : हो.

चिमा : म्हनून मी सांजच्याला डोणी उपडी करून जाते. मंग ती भरल्याली कशी?

पद्मजा : मी भरते. तू गेलीस की.

चिमा : रोज?

पद्मजा : रोज. अंधार पडायला लागला की नर असा काही ओरडतो, मला वाटतं उपाशीच राहिली सगळी. अंडी बंद झाली तर उमाला काय देऊ मी? हिवतापाने पोर नुसती काडी झालीय. डॉक्टर म्हणाले, बाळंतपण निभवायचं तर अंडी द्या. कोंबड्या मुंगसाने नेल्या. उरली ही बदकं. म्हणून ओंजळभर जास्त घालते, वर थोडा जवळा.

चिमा : जवळा! त्याच्या वासानं गावचं समदं उंदीर येतील.

पद्मजा : मी काय वेगळं म्हणतेय? उंदीर खायला आला, नराने टोच मारली, मेला. सरळ गोष्ट आहे.

चिमा : सरळ आसती तर तुमचा आवाज कापला नसता.

पद्मजा : तुम्ही वाडीवरची माणसं बांधावरचे उंदीर खणून काढता. तुला कळेल. बघ ना जरा, मानेवर टोच दिसते का कुठे?

चिमा : आमी काढतो ते जिते उंदीर. आपसूक मेल्याला आमी बघतबी नाय, पाय लावून पुढं जातो. मला नाय कळत, बाई. रगत काय दिसत नाय.

पद्मजा : धुऊन गेलं असेल. कोंड्यात पाणी होतं.

चिमा : आसंल.

पद्मजा : परवा नराने मोरीतला बेडूक गिळला, तू होतीस ना? पाय बाहेर लोंबत होते मेल्याचे.

चिमा : व्हते. पर बेडूक गिळला, टाकून नाय दिला.

पद्मजा : हा मोठा, म्हणून टाकला.

चिमा : बाई, मुंबैहून रोज गाडी भरून मानसं उतरत्यात. गाठीच्या तापाला भिऊन येत्यात. त्यांच्या वळकट्यांतनं काय काय आलं आसंल. दवंडी आयकली ना तुमी? उंदीर पडला का पाटलाला सांगायचं.

पद्मजा : सांगितलं की दिवस मावळायच्या आत घर रिकामं करा. कौलं उतरवतील, भिंतींना चुना मारतील, आणि आम्ही माळावर तट्ट्यांच्या झोपडीत. उमाचे दिवस भरलेत, चिमा. आज नाहीतर उद्या.

चिमा : म्हनूनच म्हनते, सांगा.

पद्मजा : हे खालापूरला कज्ज्याच्या कामाला गेलेत. त्यांना येऊ दे.

चिमा : मालक येतील उंद्या. ताप वाट बघल?

पद्मजा : तुला नाही ठाऊक. मागच्या प्लेगात आम्ही सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो. मोठे शहाणे. घरात उंदीर पडला नव्हता, काही नव्हतं, नुसत्या भीतीने निघालो. उमा कडेवर, दुसरं पोटात. तिथे झोपडीत झाला तो. असाच पौष होता. तट्ट्यांतून वारा यायचा तो थेट हाडात. मी त्याला पोटाशी धरला, लुगड्यात गुंडाळला, सासूबाई रात्रभर पाठ शेकत बसल्या. पहाटे निळा पडला गं.

चिमा : नाव ठेवलंवतं?

पद्मजा : ठेवायला राहिला कुठे? मला त्या माळाची भीती वाटते, चिमा. प्लेगपेक्षा जास्त वाटते. हसायचं तर हस.

चिमा : हसू कशी? मलाबी भ्या वाटतंय. वाडीत कळलं मेल्या उंदराला हात लागला, तर शिवेवरच थांबवतील मला. ल्हानगं आंगावर पितंय आजून.

पद्मजा : मग दोघींनी गप्प बसायचं. बदकाने मारलेला उंदीर, त्याला पाटील कशाला हवा?

चिमा : तुमच्या गळ्याची आन घिऊन सांगा. बदकानंच मारला?

पद्मजा : शपथ कशाला घालतेस सकाळीसकाळी! हो. बदकानेच मारला.

चिमा : बरं. तुमी म्हनता तर बदकानंच. चिमट्यानं उचलते, पार पल्याड खड्डा घेते.

पद्मजा : खोल घे. घासलेट ओत आणि पेटव. चुना देते मी. आणि आजपासून रात्रीची डोणी उपडी, माझी आण. किती ओरडायचंय ते ओरडू दे त्या नराला.

चिमा : बघा कसा मान वाकडी करून बघतोय. जसा काय सुभेदार.

पद्मजा : बघेल नाहीतर काय. उंदीर मारलाय बहाद्दराने! हुश्श.

उमा : (घरातून) आई! उठवलं का नाहीस?

पद्मजा : झोपलीस तेवढं बरंच. लागली का झोप?

उमा : कित्ती दिवसांनी! माळ्यावर कसली खुडबुड नाही न् काही नाही. परवापासून अगदी शांत आहे बघ. तू लावलेल्या पिंजऱ्यातलं खोबरंसुद्धा तसंच आहे. तुझ्या बदकांना भिऊन उंदीर पळाले गं, आई!

चिमा : बाई.

पद्मजा : ऐकलं मी.

चिमा : बदकं माळ्यावर चढत नाय.

पद्मजा : ऐकलं म्हटलं ना!

चिमा : रडू नका. ती भियील. आयका, मी माज्या दादल्याला, शुक्राला, कारवी तोडाया धाडते. तट्ट्या नको. कारवीचा कूड करू, दोनी आंगानं शेणानं लिंपू. वारा शिरायचा नाय. माजी समदी पोरं तसल्याच खोपटात झाली.

पद्मजा : जगली सगळी?

चिमा : एक नाय जगलं. पर थंडीनं नाय गेलं ते.

पद्मजा : ओलं शेण वाळेल कधी? तिला कळा सुरू झाल्या तर?

चिमा : आत शेगडी पेटवून ठेवू. मी बसते शेकत. आता मला वाडीत तरी कोन घेतंय.

पद्मजा : शुक्राला खरं सांगशील? हात लागला ते?

चिमा : सांगनार. तरीबी येईल तो.

पद्मजा : मग जा. पाटलाकडे मी जाते. खुराडं उघड, नदीवर जातील ती. पोट भरायला माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

उमा : आई, कोणाशी बोलतेस एवढं? चहा टाकू का?

पद्मजा : नको! चुलीकडे जाऊ नकोस. अशीच बाहेर ये. पुढच्या दाराने.

उमा : अशीच? वेणी तरी घालू दे.

पद्मजा : मी घालीन बाहेर. अशीच ये, बाळ. आणि खाली बघत ये.

उमा : खाली काय आहे?

पद्मजा : काही नाही. तू नुसती बघत ये.