धोंड्याच्या वाणाची काठी

— नाही, अल्तमशभाई, ही काठी परत त्या कोपऱ्यात ठेवा, आणि ठेवताना तिची क्षमा मागा, कारण दोष तिचा नाही, तिला समुद्रावर पाठवू पाहणाऱ्याचा आहे. दहा फूट! मी काय मागितलं होतं? किनाऱ्यालगत, होडीतून, खाऱ्या पाण्यात गळ फेकण्याची काठी. दहा फुटांची काठी धरणाच्या काठावर उभं राहून लांब फेकणाऱ्याची. होडीत ती फिरवली, तर मासा मिळेल की नाही हे सांगता येत नाही, पण मागे बसलेल्या माणसाचा डोळा निश्चित मिळेल. होडीला साडेसहा ते सात फूट, त्यापुढे नाही. लिहून ठेवा कुठेतरी. तुमच्या वडिलांचं, सत्तारभाईंचं हे दुकान पांझरेच्या पुलाजवळ पन्नास वर्षं उभं आहे — जाळी आहेत, दोर आहेत, गळ आहेत — आणि समुद्राची काठी कशी असते हे सांगायला जिनिंगमध्ये कापूस तोलणारा, सातवी शिकलेला, पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा देवपुराहून यावा लागतो. चहा? नको, नको, माझ्यासाठी मागवू नका, मला आम्लपित्त आहे. — मागवलात? बरं. ठेवा तिथे, काउंटरवर.

काय पाहता आहात? माळ? होय, ही तुळशीची माळ आहे, आणि ही गळ्यात असताना मी मासे मारण्याचं हत्यार पारखतो आहे, हे माझ्याही ध्यानात आलेलं आहे. आमच्या घरात आजवर अंडंसुद्धा फुटलेलं नाही. पण सध्या धोंड्याचा महिना चालू आहे. तुमच्याकडे तो नसतो, म्हणून सांगतो — सुमारे तीन वर्षांनी एकदा हा अधिक महिना येतो, आणि त्यात लेक-जावयाला घरी बोलावून, ओवाळून, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, वर ऐपतीप्रमाणे एखादी चीजवस्तू. का? तर जावई म्हणजे विष्णू. आता विष्णूचा पहिला अवतार मत्स्य, आणि आमचे विष्णू दर रविवारी काकांच्या होडीत बसून त्याच अवताराला गळ टाकतात! पालघरकडचे आहेत. मेहेर. जयेंद्र मेहेर. बंदरात कारकून आहेत, स्वभावाने गरीब. लोकांचे जावई अंगठी मागतात, मोटारसायकल मागतात. आमच्यांनी आजवर काही मागितलेलं नाही. तीच तर अडचण आहे. मागणाऱ्याला देऊन मोकळं होता येतं.

हं, ही दुसरी काढलीत. सात फूट, लांबी योग्य. हलकी आहे, म्हणजे कार्बनची, उत्तम. काचतंतूची काठी दणकट असते, नाही असं नाही, परंतु दिवसभर फेकत राहिलं की संध्याकाळी खांदा उतरवून खुंटीला टांगावा लागतो. थांबा, एवढ्यात कागद फाडू नका. ह्या पिशवीत मी काय आणलं आहे? कापूस. हसा, हसून घ्या. ह्या कड्या दिसतात ना, दोर ज्यांतून धावतो? प्रत्येक कडीच्या आतून हा पुंजका फिरवायचा — असा — अलगद. आतल्या अस्तराला केसाएवढी चीर असली, तर ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण पाच-सात किलोचा जिताडा लागून दोर ताणला, की तिथेच तो कापला जातो. कापसाला मात्र ती समजते. पहिली कडी — स्वच्छ. दुसरी — स्वच्छ. तिसरी — पाहा! अडकला तंतू! दिसला? दिसत नसेल तर चष्मा लावा, मी थांबतो. बेचाळीस वर्षं मी कापूस हाताळला आहे, अल्तमशभाई. झाकलेली खोट तो बरोबर धरतो. ही ठेवा बाजूला. कोणा बेसावध गिऱ्हाइकाला विकू नका, — अर्थात माझ्यादेखत.

हे मला कसं ठाऊक? वाचून. दुसरं कसं? मी समुद्र पाहिलेला नाही. त्यात लाज कसली? चंद्रावर न जाता चंद्राची ग्रहणं सांगणारे लोक आहेतच की. दोन महिने मी वाचनालयात बसून, तिथल्या संगणकावरून कागद छापून घेऊन ह्या विषयाचा अभ्यास केला. ग्रंथपाल विचारत होता, ‘नाना, ह्या वयात मासेमारी?’ मी म्हटलं, ‘ह्या वयात अज्ञान बरं दिसत नाही.’ झालं असं की हिवाळ्यात जयेंद्ररावांची जुनी काठी होडीतच शेंड्याशी मोडली. दीपमालेने — माझी मुलगी — तिने तिच्या आईला फोनवर सांगितलं. मी ऐकत नव्हतो. मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. फोनचा आवाज मोठा होता, आणि मी दाराजवळ होतो, एवढंच. माझ्याशी ती बोलत नाही, म्हणजे भांडण नाही हो, बोलण्यासारखं काही निघत नाही. ‘नाना कसे आहेत’ असं आईला विचारते. आई आपल्या अहिराणीत सांगते, ‘शेत.’ म्हणजे, आहेत. संपलं. तीन वर्षांत माझ्याविषयीचा संपूर्ण पत्रव्यवहार एवढाच.

ही तिसरी कुठे लपवली होती? वरच्या फळीवर? म्हणजे चांगला माल उंचावर आणि टाकाऊ माल हाताशी, हे तुमच्या धंद्याचं तंत्र. द्या. कापूस — पहिली, दुसरी, तिसरी, चौथी … सगळ्या स्वच्छ. दोर गुंडाळायची फिरकी बसवायच्या जागी लोखंड नाही, गंजणार नाही. खारं पाणी लोखंडाला महिनाभरात खातं. आता हे एक किलोचं वजन. पितळी. निवृत्तीच्या दिवशी शेठजींनी इतरांना शाली दिल्या, मी हे मागून घेतलं. दोरी शेंड्याला बांधा. आता काठी तुम्ही धरा आणि सावकाश उचला. झटका नको! आणि उभी करू नका, उभी धरलेली काठी मोडते; तिरपी ठेवा. हां. कुठे वाकते, ते पाहा. वरचा तिसरा हिस्सा वाकला, खालचा बुंधा ताठ राहिला. ह्यालाच म्हणतात काठी! जी बुडापासून वाकते ती लवचीक नव्हे, लाचार. आणि जी कुठेच वाकत नाही, ती — ती मोडते. हे मी घरी समजावून सांगत होतो, तर आमच्या पुष्पाबाई अनारशांचं पीठ मळता मळता म्हणतात, ‘तुमले शेंडाच नही. बठ्ठा बुंधा शे.’ सगळा बुंधाच, म्हणे! पन्नास वर्षांच्या संसारानंतर हे प्रशस्तिपत्रक. एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक. पुढे म्हणाल्या, ‘काठीनं काय व्हई? ती ताटली घरमा आना, बठ्ठं मिटी जाई.’

कोणती ताटली? काही नाही हो, स्टीलची एक ताटली आहे. बायकांचं बोलणं. त्यात तर्क नसतो. — सांगतो, सांगतो, तुम्ही वजन सोडा आधी, हात भरून येईल. मागच्या धोंड्याला, श्रावण होता तेव्हा, जयेंद्रराव पहिल्यांदा आमच्याकडे जेवले. लग्न दोघांनी आपसांत ठरवलेलं. मी आडकाठी केली नाही, अक्षता टाकल्या, भाषणही केलं. चांगलं झालं होतं भाषण. जातिभेद ही किती मागासलेली कल्पना आहे, ह्यावर वीस मिनिटं बोललो. तर त्या दिवशी पुष्पाबाईंनी खापरावरचे मांडे केले, जयेंद्ररावांनी चार खाल्ले, असा पदार्थ जन्मात खाल्ला नाही म्हणाले. आणि त्यांना मी नवी ताटली आणली होती. नवी, लक्षात घ्या! पाहुण्याला नवं भांडं देणं, हा मान आहे की अपमान? तुम्हीच सांगा. मानच ना? फक्त ती नंतर आतल्या मांडणीत लावली नाही. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशी ठेवली. घराला एक वळण असतं. मासे खाणाऱ्या माणसाचा, म्हटलं तर, वासाचा प्रश्न असतो. — होता का वास? नाही. खरं सांगायचं तर त्यांना साबणाचा वास येत होता. पण तत्त्व म्हणून.

तेही कोणाच्या लक्षात आलं नसतं. दुसऱ्या दिवशी पानं मांडताना मीच मोठ्याने म्हणालो, ‘दीपमाला, जयेंद्ररावांची ताटली बाहेर आहे, तेवढी घेऊन ये.’ आता ह्या वाक्यात काय वाईट आहे? एकही शब्द उणा नाही, अधिक नाही. ते पाटावर बसलेले होते. त्यांनी मान खाली घातली आणि पाटाची कड बोटाने पुसली. जेवले. वाढणाऱ्याला ‘पुरे’ म्हणाले, ‘छान झालंय’ म्हणाले. आणि संध्याकाळी निघताना माझ्या मुलीने ती ताटली स्वतः घासली, त्या दगडावर पालथी ठेवली आणि मला म्हणाली, ‘नाना, बाहेरच ठेवली आहे. तुम्हाला त्रास नको.’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. उत्तरं माझ्यापाशी पुष्कळ असतात. त्यानंतर तीन दिवाळ्या झाल्या, तीन आखाज्या झाल्या. आखाजीला गल्लीतल्या साऱ्या लेकी माहेरी येतात. मी आमच्या निंबाला झोका बांधतो, आणि शेजाऱ्यांच्या मुली झुलतात. दोर तुमच्याच दुकानाचा आहे. मजबूत आहे, तक्रार नाही.

ताटली? तिथेच आहे. तिच्यात मी चिमण्यांना पाणी ठेवतो. रोज मीच भरतो, ह्या उन्हात दोनदा. म्हणजे ती वेगळी काढून ठेवलेली आहे, असं कोणी म्हणू शकत नाही. ती उपयोगात आहे.

असो. काठी पसंत आहे. किंमत तुम्ही सांगाल ती, घासाघीस मी करत नाही. वेष्टण चांगलं करा, शेंड्याला पुठ्ठ्याची नळी घाला. — काय विचारलंत? कधी येणार आहेत? येतील की. महिना संपायला नऊ दिवस आहेत. एक जूनपासून समुद्रावर यांत्रिक होड्यांना बंदी असते, काकांची होडी किनाऱ्याला लागलेली आहे. तेव्हा रविवारी सवड नाही, असं म्हणायची सोय त्यांना नाही. सुरतेवरून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा मी लिहून आणलेल्या आहेत. सर्व पाहून ठेवलेलं आहे. — बोलावणं? बोलावणं म्हणजे … ते राहिलं आहे. आधी काठी हाती असावी, असा माझा विचार होता. रिकाम्या हाताने माणूस बोलावणार काय? — फोनवर काठी दिसत नाही. हे मात्र खरं. तुम्ही फार तर्कशुद्ध बोलता, अल्तमशभाई. जाळी विकण्यात तुमचं आयुष्य फुकट गेलं.

आणि मघापासून तुम्ही त्या कपाकडे का पाहता आहात? साय धरली आहे, मलाही दिसतं. सांगितलं ना, आम्लपित्त. तुमच्या वडिलांनाही मी हेच सांगत असे. जिनिंगसाठी कापसाच्या गाठी बांधायचे दोर न्यायला दर सोमवारी इथे येत होतो. सत्तारभाई दर सोमवारी चहा मागवायचे, मी दर सोमवारी आम्लपित्त सांगायचो, आणि मग दोन्ही कप तेच प्यायचे. इतकी वर्षं. कधी आग्रह नाही, कधी रुसवा नाही. मोठा समजूतदार माणूस. — काय? घरी येऊन काय म्हणायचे? — बोला, बोला, अर्धवट बोलू नका. — ‘तोलवाल्या नानांचं पित्त फक्त आपल्याच दुकानात चढतं.’ — असं म्हणायचे? सत्तारभाई? — रागाने? — हसत. हसत म्हणायचे.

…

एक शब्द बोलले नाहीत मला. शेवटच्या दुखण्यात भेटायला गेलो होतो, तेव्हाही उशाशी बसवून घेतलं, आणि घरात आतल्या बाजूला सांगितलं — मला ऐकू आलं होतं ते — ‘नानांना पाणी विचारू नका, त्यांना अवघड होईल.’ मला तेव्हा वाटलं, किती माझी काळजी!

द्या इकडे तो कप. नाही, दुसरा मागवू नका, हाच द्या. गार आहे तर गार असू द्या, गरम होता तेव्हा मी कुठे होतो? आणि तो फोन सरकवा जरा, माझ्या फोनचा आवाज बारीक आहे. नंबर ह्या कागदावर आहे, पुष्पाबाईंनी पिशवीत कापसाखाली घालून दिलेला दिसतो. ही बाई अशिक्षित आहे म्हणून मी पन्नास वर्षं सांगत आलो आहे. दीपमालेला नव्हे. आधी जयेंद्ररावांना लावतो. काय बोलणार, ते ठरवलेलं नाही. — काठी बांधू नका अजून. त्यांनी नको म्हटलं, तर ती मला नको आहे.

आता तुम्ही जरा बाहेर जाऊन उभे राहा. होय, दुकान तुमचं आहे, मला ठाऊक आहे. तरीही जा. ती जाळी झटका, पुलावरची रहदारी पाहा, काहीही करा. मी पहिला घोट घेत असताना कोणी तोंडाकडे पाहिलेलं मला — जा म्हटलं ना!