दार नंबर चार

दार उत्तम होतं हो! मघापासून तेच सांगतोय मी — दारात दोष नव्हता. विलायती दार, दोन्ही अंगांनी लोखंडी पत्रा, आत सागवान, आठ मण वजन आणि तरी एका हातानं सरकेल असं. तुमच्याच विमा कंपनीच्या आग्रहानं बसवलेलं, तुमच्या जन्माआधी. इकडे कापसाचं गोदाम, तिकडे कापूस पिंजायची ब्लो-रूम, मध्ये हे दार, नंबर चार. तुम्ही नवे दिसता म्हणून सांगतो — वरची पट्टी उतरती असते, त्यामुळे दार आपल्या वजनानं बंद व्हायलाच बघतं. त्याला उघडं धरून ठेवतो एक दोर, आणि त्या दोराच्या मध्ये मऊ धातूची एवढीशी कडी. आग लागली की कडी वितळते, दोर सुटतो, दार गडगडत येतं आणि बंद. माणसाची गरजच नाही. तिथंच तर गोम आहे, साहेब — ज्या कामाला माणसाची गरज नाही, त्या कामावर मिलनं एक माणूस नेमला. तो मी.

काम काय? दर शनिवारी अकरा दारं. दोर सोडायचा, दार पुरतं बंद होतं का बघायचं, फटीतून उजेड येत असेल तर सुतार बोलवायचा, चाकांना ग्रीस, कडीवर बसलेला कापूस झटकायचा, आणि मग रजिस्टरात शेरा — ठीक. हे घ्या, बघा ना, उघडून बघा. बावीस वर्षांत एक शनिवार गाळलेला नाही. आमची बायको पद्मजा म्हणते, आपल्या खोलीचं दार रोज करकरतंय त्याला तेल घालायला तुम्हाला सवड नाही, आणि म्हणे मिलच्या दारांचे कारभारी! — म्हणू द्या. छप्पनच्या जानेवारीत गोळीबार झाला, गिरगावातून पाऊल बाहेर टाकायची सोय नव्हती, मिलला कुलूप, तरी त्या शनिवारीसुद्धा शेरा आहे — हं? मिलला कुलूप होतं तर मी आत कसा आलो? — तुम्ही फार बारीक वाचता हो. सोमवारी भरलं असेल. सगळेच भरतात.

आता खरं सांगायचं तर दार बंद केलं की कापसाच्या ढकलगाड्या अडतात, गाड्या अडल्या की ब्लो-रूमचा जॉबर, म्हणजे मुकादम, बोंबलतो, आणि तो बोंबलला की मॅनेजर मला बोलावतो. म्हणून मी आपला जिन्यावरूनच विचारायचो — काय रे कुशाबा, चार नंबर? तो खालून म्हणायचा — ठीक, भाऊसाहेब. झाली तपासणी. कुशाबा म्हणजे गोदामातला हमाल, कापसाच्या गाठी फोडणारा, तोच. पण तो मात्र करायचा हो सगळं. जेवणाच्या सुट्टीत, भाकरी बाजूला ठेवून — दोर सोड, ग्रीस लाव, कडी पूस. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. दारावर सूचना होती, ती इंग्रजीत. राज्य द्विभाषिक, पण पाटी एकभाषी! दारावर वाचता येण्यासारखं एकच वाक्य होतं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे', चुन्यानं, हातभर अक्षरात. मॅनेजरसाहेबांनी ते तीनदा पुसायला लावलं आणि चारदा उमटलं. इंग्रजी पाटी पुसायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण ती आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

दोष म्हणून रजिस्टरात एकदाच लिहिला गेला. गेल्या वर्षीची खंडेनवमी. सगळ्या खात्यांत यंत्रांची पूजा, गोदामात यंत्र नाही, म्हणून गोदामवाल्यांनी दाराची पूजा मांडली. शेजारच्या कोनाड्यात देवीची तसबीर, तसबिरीपुढं समई. जागा मीच सुचवली, तिथं वारा लागत नाही म्हणून. आणि कोनाड्याच्या बरोब्बर वर काय? दोराची कडी! पाचवी आरती चालली होती, सगळे डोळे मिटून, आणि दार निघालं. गडगडत आलं आणि बंद. मॅनेजरसाहेब तिकडे, त्यांच्या बाईसाहेब इकडे, आणि बाईसाहेबांच्या शालूचा पदर मध्ये पाचरीसारखा अडकलेला. अर्धा तास, साहेब! पटाशी लावून लोकांनी दार मागं रेटलं, तोवर बाईसाहेबांनी आरतीचं ताट हातातून सोडलं नाही, एवढं मात्र कौतुकाचं. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, हे दार बिघडलंय. — आता यात काय बिघडलं होतं? कापसाच्या गोदामात ज्योत पेटलेली, दाराला ती दिसली, दार बंद झालं. सबंध मिलमध्ये त्या दिवशी एकट्या दाराचं डोकं ठिकाणावर होतं. पण मी काय लिहिलं? 'दार नं. ४, सदोष.' साहेब म्हणाले, पुढल्या वर्षी असं होता कामा नये. मी म्हटलं, होणार नाही.

म्हणून यंदा ती तार, कडी सुटली तरी दार जागचं हलायला नको. दोराला समांतर, कडीला वळसा घालून, भिंतीतल्या कड्यापर्यंत ओढून तीन पीळ — म्हणजे तीन असतील, चार असतील, कोण मोजतो. — मला कसं माहीत? अहो, नंतर बघितली ना मी. आगीनंतर. — आगीनंतर ती कुशाबाच्या मुठीत होती, बरोबर. मुठीतली तार पीळ सुटलेली असते, हेही बरोबर. तुम्हाला या धंद्यात कुणी घातलं हो? कोर्टात जायचं होतंत.

स्टूल त्यानं धरलं होतं. बास? पूजेच्या आदल्या दिवशी. खाली उभा राहून म्हणाला, भाऊसाहेब, पूजा झाल्यार ही सोडूक व्हयी हां. मी म्हटलं, मला शिकवतोस? मी सोडीन, तू हात लावू नकोस. — त्यानं हात लावला नाही. सांगितल्याबरहुकूम वागणारा माणूस. पूजा झाली, दसरा झाला, मी सोनं वाटत आख्खी मिल फिरलो. पहिल्या शनिवारी जिन्यावरून विचारलं, तो म्हणाला, भाऊसाहेब, तार... मी म्हटलं, हो हो, बघतो. लिहिलं, ठीक. दुसऱ्या शनिवारी त्यानं नुसतं वर बघितलं. लिहिलं, ठीक.

मग तो मंगळवार. गाठीची लोखंडी पट्टी तोडताना ठिणगी उडाली, एवढंच निमित्त. कडी वितळली — हो, वेळेवर वितळली, सांगितलं ना, दार उत्तम होतं. पण तारेनं धरलेलं. ब्लो-रूममध्ये चाळीस माणसं, त्यांच्याकडे जाणारा जाळ, आणि हा गाढव पळायचं सोडून तापल्या तारेचे पीळ नागव्या हातांनी सोडत बसला. सोडले. दार गेलं, बंद झालं, चाळीसही माणसं बाहेर आली. हा सापडला दाराशी, मुठीत तार. म्हणून तार त्याची! मॅनेजरसाहेबांचा हिशेब सरळ आहे — माझ्यासारख्या कारकुनानं बांधली तर तो मिलचा हुकूम ठरतो, हमालानं बांधली तर त्याचा अडाणीपणा. अडाणीपणाची भरपाई तुम्ही देता, हुकमाची देत नाही. त्याची नोकरी जाईल, लालबागची मिलची खोली जाईल. मला मार्चमध्ये निरोपाचा हार मिळेल.

इस्पितळात गेलो होतो मी. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्यानं विचारलं, भाऊसाहेब, दार पुरतं बंद झालं ना? फट राहिली नाही ना? — बावीस वर्षांत मला हा प्रश्न सुचला नव्हता. काल त्याची बायको कौसल्या आली होती. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, साहेब कोणीतरी येणार हत म्हणतत. तुमका सगळा ठाऊक आसा, तुमीच काय ता सांगा. आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून उभी.

काय आहे हे? माझी सही? — टाइप करूनच आणलंय? मॅनेजरसाहेबांनी दिलं असणार. 'सदर तार हमाल कुशाबा याने माझ्या अपरोक्ष...' अपरोक्ष! शब्द चांगला काढलाय. — आणा इकडे. पेन आहे माझ्याकडे. नाही, वाचलं मी पुरतं, पहिल्यांदाच काहीतरी वाचून सही करतोय.

घ्या. — अहो, खाडाखोड काय म्हणता, त्याचं नाव खोडलंय आणि वर माझं लिहिलंय, राजाराम भिकाजी आजगावकर. 'अपरोक्ष' पण काढलंय. हुकूम कुणाचा होता तेही खाली लिहिलंय. — वाचता येतंय ना? मग उठा आता. जा म्हणतो ना.