मागचे आकडे

वेदिका दुपारपाळीला जायला खेडच्या नाक्यावर लोटे औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या कंपनी-बसची वाट बघत होती. मागं दोन कामगार एका मोबाइलवर वाकले होते. एक घोड्यांची रेस शिकवत होता, दुसरा शिकत होता.

“दोन, एक, एक. हे काय, संदेशदादा?”

“घोड्याच्या मागच्या तीन रेसा. शेवटचा आकडा सगळ्यात ताजा.”

“म्हणजे हा जिंकणारच!”

“मेल्या, एवढ्यावर लावू नको. आज वजन किती, जॉकी कोण, चाल कशी आहे, ते बघायचं. गेटातच भडकला, तर मागचे आकडे कोण विचारतो?”

“आकड्यांवर माझी नजर बसलीय. टाकीचं प्रेशर रोज मीच लिहितो.”

“दर पंधरा मिनिटांनी ना? मग रेस कधी बघणार?”

“पाळीवर गेलो की आठ तासांचं पान एकदम भरून टाकतो. वर्षभर तेच आकडे येतायत. काटा कशाला बघायचा?”

“आणि काल ती टाकी शिट्टी मारत होती ती?”

“थांबली ना मग आपोआप.”

वेदिकानं डब्याची पिशवी छातीशी धरली आणि मागं वळून त्या शिकणाऱ्याला विचारलं.

“भाऊ, तुम्ही कुठच्या प्लांटला?”

“तीन नंबर. तुम्ही?”

“तिथंच. टाकीमागच्या पॅकिंगला.”

“मग शेजारीच की आपण!”

बस येऊन थांबली. मोबाइलवरची नजर न काढताच तो अदबीनं बाजूला सरकला.

“चढा ताई, आधी तुम्ही.”