माकडाचं पिल्लू

दा नांगच्या इस्पितळात दिवस भरण्याआधीच जन्मलेलं आपलं बाळ उघड्या छातीशी बांधून हिएन पडली होती. शेजारच्या खाटेवर न्गा नावाच्या बाळंतिणीची सासू तसंच नातीला छातीशी घेऊन बसली होती. न्गा अंग पुसून परत आली, तसं दोघींचं बोलणं हिएनच्या कानावर पडू लागलं.

“द्या आई, घेते मी तिला.”

“राहू दे. काय कुरूप आहे बघ, नुसतं माकडाचं पिल्लू.”

“दहा दिवस हेच ऐकतेय. एकदा तरी गोड म्हणा.”

“आणि दृष्ट लागली म्हणजे?”

“चौदाशे ग्रॅमच्या जीवाला कसली दृष्ट लागतेय?”

“माझी पहिली एवढीच होती.”

“तुमची? कधी बोलला नाहीत.”

“काय बोलायचं? खोक्यात कापूस घालून ठेवली होती, दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या बाटल्या. असं छातीशी धरायचं कुणाला ठाऊक होतं?”

“मग?”

“मग एका सकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, किती सुंदर दिसतेय म्हणून.”

न्गाने सासूच्या पाठीमागे उशी सारली.

“असू दे तुमच्याकडेच. मी पडते जरा.”

“पड.”

“नाक तर फारच वाईट आहे हो, आई.”

“तुझ्यावर गेलंय.”