दोन वाक्यांचं भाषण

आमच्या ह्यांच्या भाषणाचं तुम्हाला सांगितलं का गं? हे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि पॅरालिसिसच्या झटक्यात वाचाच गेली. मलकापूरच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी वर्षभर मेहनत घेतली, तेव्हा कुठे शब्द जुळायला लागले.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "काका, कराडला आम्हा थेरपिस्टांचं प्रशिक्षण आहे. तिथं दोन वाक्यं बोलाल?"

झालं! हे महिनाभर गोठ्यात म्हशीसमोर उभं राहून सराव करत होते.

कार्यक्रमात आधी शाल-नारळ देऊन सत्कार झाले. मग मुख्य पाहुणे 'पेशंटला बोलू द्या, मध्ये बोलू नका' या विषयावर तासभर बोलले. हे इस्त्रीच्या शर्टात ताठ बसून वाट बघत होते. शेवटी अध्यक्ष उठले.

"वेळ कमी आहे. काकांना उगीच त्रास नको, त्यांच्या भावना मीच सांगतो." आणि सांगायलाही लागले!

हे उठले आणि सरळ माइकपाशी गेले.

"मी... अजून... बोललो न्हाई."

मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. अध्यक्ष म्हणाले, "बघा, हे आपल्या कामाचं यश!" आणि सगळ्यांना जेवायला पाठवलं. ह्यांची पाठ केलेली वाक्यं राहूनच गेली.

परत येताना एसटीत मी विचारलं, "आवं, वाईट वाटलं का?"

हे बराच वेळ शब्द जुळवत होते. मी मध्ये बोलले नाही.

"त्यास्नी... गप बसायचा... क्लास लावा."