उलटा ठेवलेला डबा

भाग्यश्री : …आणि स्क्रूड्रायव्हर साबणाने धुतलाय, गॅसवर धरलाय. त्यामुळे जंतूंचं कारण सोडून दुसरं काहीतरी सांग. मी आज हा डबा फोडणार आहे.

आई : दुसरं कारण तुला माहीत आहे. आमरसाचा तो डबा शेफालीसाठी ठेवलाय.

भाग्यश्री : दोन वर्षं झाली, आई. गेल्या मेमध्ये येणार होती, मग दिवाळीत, मग या मेमध्ये. काल फोनवर म्हणाली, आता पुढच्या वर्षी बघू. आणि तू म्हणालीस, सावकाश ये हो, तुझा डबा ठेवलाय मी. शेजारी बसून मी गवार मोडत होते.

आई : तिकडे जर्मनीत बसलेल्या पोरीला आणखी काय सांगणार?

भाग्यश्री : डब्यावरची तारीख वाच. या महिनाअखेरीपर्यंतच चांगला आहे. वीस दिवस.

आई : मग वीस दिवसांनी फोड. घाई काय आहे?

भाग्यश्री : वीस दिवसांत ती येणार नाही. तू डबा कचऱ्यात टाकशील, पण मला देणार नाहीस.

आई : काहीही बोलतेस.

भाग्यश्री : काहीही? बाबांचा ओपनर कुठे आहे?

आई : झालं सुरू.

भाग्यश्री : लाल मुठीचा. बोहरी आळीतून आणलेला. तो कसा चालवायचा ते बाबांनी मला शिकवलं होतं, सातवीत असताना. शेफालीला नाही. आणि जाताना तो तिच्या बॅगेत घातलास. मी विमानतळावरून घरी आले, ड्रॉवर उघडला, तेव्हा मला कळलं.

आई : तिला काही जमत नाही म्हणून दिला. परदेशात एकटी, डबा समोर ठेवून उपाशी बसली असती. तुझं काय, तू कशानेही उघडतेस.

भाग्यश्री : हेच म्हणतेय मी. तिला जमत नाही म्हणून तिला ओपनर. मला जमतं म्हणून मला बँक, दवाखाना, गॅसचं बुकिंग. मला काही द्यावं असं तुझ्या डोक्यातच येत नाही.

आई : कमी काय केलंय तुला?

भाग्यश्री : शेफालीच्या वाढदिवसाला श्रीखंड केलंस. ती इथे नव्हती. वाटीचा फोटो काढून पाठवलास, तोही मला काढायला लावलास. माझ्या वाढदिवसाला मी खराडीहून दीड तास ट्रॅफिकमधून घरी आले, तर ताटात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी.

आई : पुऱ्या टम्म फुगल्या होत्या.

भाग्यश्री : पुऱ्यांबद्दल तक्रार नाही. सरक जरा, डबा काढू दे. हे काय, हा उलटा का ठेवलाय?

आई : कसा?

भाग्यश्री : उलटा. लेबलावरचा आंबा डोक्यावर उभा आहे.

आई : ठेवला गेला असेल घाईत. दे इकडे.

भाग्यश्री : थांब. झाकणावर खड्डे आहेत. पडला होता का?

आई : पडला असेल.

भाग्यश्री : पडला असता तर कड चेपली असती. कड व्यवस्थित आहे. हे सगळे मधोमध आहेत, एकाच मापाचे. पाच, सहा, सात. कुणीतरी टोकदार काहीतरी धरून वरून ठोकलंय. कामाच्या आम्रपालीताईंना विचारते उद्या.

आई : तिला काही विचारू नकोस. तिचा काही संबंध नाही.

भाग्यश्री : मग कुणाचा आहे?

आई : आता खायला चालेल ना तो?

भाग्यश्री : भोक पडलेलं नाही, झाकण फुगलेलं नाही. चालेल. कुणी ठोकलं, आई?

आई : मी. सुरी आणि बत्ता घेऊन. सातव्या ठोक्याला सुरीचं टोक वाकलं. ती सुरी शोधत होतीस ना, ती मीच टाकून दिली.

भाग्यश्री : कधी ठोकलंस?

आई : एकोणीस ऑगस्टला. दुपारी, तू ऑफिसात असताना.

(भाग्यश्री डबा ओट्यावर ठेवते.)

भाग्यश्री : माझ्या वाढदिवसाला.

आई : ऑगस्टात ताजे आंबे कुठून आणू? म्हटलं, आमरस-पुरी करू. पुऱ्यांचं पीठ मळून झालं होतं. पण अंगठ्यात जोर राहिला नाही आता. खालचे ज्ञानदेवकाका वर येऊन विचारून गेले, प्लंबर आलाय का म्हणून. मग मी बटाटे उकडायला ठेवले.

भाग्यश्री : आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. मी आल्यावर पाच मिनिटांत उघडला असता.

आई : तेच तर. तुझ्याच वाढदिवसाचा डबा तुझ्याकडूनच फोडून घ्यायचा?

भाग्यश्री : पण काल शेफालीला म्हणालीस, ठेवलाय.

आई : फुटला नाही म्हणून ठेवलाच होता ना.

भाग्यश्री : फडकं घे. डबा दोन्ही हातांनी धर, बोटं खाली.

आई : असा?

भाग्यश्री : असा. स्क्रूड्रायव्हर कडेला चिकटून लावायचा आणि वरून बत्त्याने ठोकायचं. मधे पत्रा नुसता दबतो, कडेला त्याला दबायला जागा नसते. तू मधे ठोकत होतीस.

आई : तुझ्या बाबांनी तुला शिकवलं. मला कुठे शिकवलं?

भाग्यश्री : हलू नकोस. हं, झालं. आवाज ऐकलास?

आई : फुस्स झालं. खराब निघाला का?

भाग्यश्री : नाही, हवा आत गेली. आतली बाहेर आली असती तर टाकून दिला असता. आता थोडा फिरव. अजून थोडा. भोकाला लागून भोक पाडायचं, असं अर्ध्यापर्यंत. मग पकडीने वर उचलता येईल.

आई : रंग छान आहे गं.

भाग्यश्री : फिरव.

आई : फिरवते. वास बघ.

भाग्यश्री : शेफालीसाठी थोडा फ्रीजरमध्ये काढून ठेवू?

आई : कशाला? तिच्याकडे ओपनर आहे.