मुन्नाभियांचे पोहे

आईशपथ सांगतो, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. म्हणजे घडलं किचनमध्ये आणि मी होतो हॉलमध्ये, पण ऐकू सगळं येत होतं.

जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवल्या, तर किचनचा दरवाजा खाली घासायला लागला. आमचे सुतार मुन्नाभिया त्याला रंधा मारून परत बसवायला आले, ते नेमके नाशिकचे लोक मुलीला बघायला येणार त्याच सकाळी. भियांनी आत जाऊन दरवाजा जोरात लावून पाहिला आणि तो टाइलवर असा रुतला की हलेचना. भिजवलेले पोहे आत, बायको बाहेर आणि पाहुणे सोफ्यावर!

ती गॅलरीतून खिडकीशी धावली. आतून भिया म्हणाले, "भाभीजी, पेचकस दे दो, कब्जे खोल देता हूँ."

"स्क्रूड्रायव्हर आणि बिजागऱ्या नंतर. आधी गॅस लावा, पोह्यांचा लगदा होईल!"

"अरे, मैं कारपेंटर हूँ!"

"इंदोरचे आहात ना? मग लावा गॅस!"

भियांनी फोडणीत बडीशेप टाकली, वर शेव आणि जीरावन हा त्यांचा इंदोरी मसाला घातला आणि खिडकीतून प्लेटा बाहेर दिल्या. पाहुणे खाऊन म्हणाले, "वा! मुलीच्या आईच्या हाताला काय चव आहे!" सोयरीक तिथेच पक्की.

बरं, खरं सांगतो. पाहुणे असलं काही बोलले नाहीत, ते मी घातलं. सोयरीक जमली ती पोरीमुळे. पोह्यांची तारीफ मी केली होती, तीही बायकोसमोर: "आपल्या घरी असे पोहे पहिल्यांदाच झाले." म्हणून तर हल्ली रोज तुमच्याकडे नाश्त्याला येतो.